बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचंय? परभणी, लातूर, नांदेडकडच्या पोरापोरींसाठी पहिल्यापासून सगळं

दरवर्षी जून लागला की मला गावाकडून फोन यायला सुरुवात होते. "दादा, नीटला मार्क कमी पडले, बायोमेडिकल घेऊ का?" आणि दरवर्षी मी तेच सांगतो की थांब जरा, आधी ही ब्रँच काय आहे ते नीट ऐकून घे आणि मग ठरव. मी परभणी जिल्ह्यातला, बी.टेक. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये केलं, नंतर एम.टेक. बायोमेडिकलला आणि आता हॉस्पिटलातली मशीनं बघायचं काम करतो, त्यापायी मराठवाड्यातले सगळे जिल्हे पालथे घालून झालेत. माझ्या वेळेला सांगणारं कुणी नव्हतं म्हणून हे एका जागी लिहून ठेवतोय, लांबलचक आहे पण सावकाश वाचा आणि घरी आईवडिलांनाही वाचून दाखवा कारण फी तेच भरणारेत.

पायरी १: ब्रँच काय आहे ते मशीनपाशी जाऊन बघा

आपल्याकडं तीन गोष्टींची कायम गल्लत होते. बायोटेक म्हणजे पेशी, जनुकं, एन्झाइम. बीएमएलटी म्हणजे लॅबमधल्या रक्त-लघवीच्या तपासण्या. आणि बायोमेडिकल इंजिनिअरिंग म्हणजे ईसीजी, व्हेंटिलेटर, डायलिसिस, सीटी स्कॅन, कृत्रिम सांधे, हृदयाच्या झडपा असल्या गोष्टी बनवणं, तपासणं, दुरुस्त करणं आणि चालू ठेवणं. नावात बायो आणि मेडिकल असलं तरी पोटात बहुतेक इलेक्ट्रॉनिक्स आणि गणित आहे. डॉक्टर व्हायचं राहून गेलं म्हणून पांढऱ्या कोटाच्या जवळ राहता यावं असं वाटून जे येतात त्यांची दुसऱ्या वर्षी सिग्नल्स अँड सिस्टिम्स समोर आलं की फार ओढाताण होते, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

एक साधं काम करा. कोविडमध्ये घरोघरी आलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कपाटातून काढा, बोट न घालता त्याचा चिमटा उघडा आणि आत बघा. लाल दिवा दिसेल, त्याच्याजवळच आणखी एक दिवा आहे तो डोळ्याला दिसत नाही, इन्फ्रारेड असतो. लाल साधारण ६६० नॅनोमीटरचा आणि दुसरा ९४० च्या आसपासचा. ऑक्सिजन असलेलं रक्त इन्फ्रारेड जास्त शोषतं, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त लाल जास्त शोषतं, समोरच्या बाजूला एक सेन्सर बसलेला असतो तो पलीकडं किती उजेड आला ते मोजतो. पण बोटात कातडी आहे, हाड आहे, नखाला मेंदी असेल, मग त्यातून नुसतं धमनीतलं रक्त वेगळं कसं काढायचं? तर प्रत्येक ठोक्याला जेवढा उजेड कमीजास्त होतो तेवढाच भाग धरायचा आणि बाकीचा स्थिर भाग बाजूला काढायचा, ही युक्ती १९७० च्या दशकात जपानचे इंजिनिअर ताकुओ आओयागी यांना सुचली. हे वाचून तुम्हाला "अरे वा, मग हलणारा हात असला तर काय होत असेल?" असा प्रश्न पडला तर ही ब्रँच तुमची आहे. आणि कंटाळा आला असेल तर त्यातही काही वाईट नाही, दुसरी ब्रँच बघा, चार वर्षं वाचतील.

पायरी २: गणित सोडू नका

लातूर पॅटर्नच्या हवेत दहावीनंतर निम्मी पोरं पीसीबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायो घेऊन, गणित सोडून मोकळी होतात. तिथंच गाडी अडकते. इंजिनिअरिंगची मेरिट एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपवर लागते आणि त्यात २०० पैकी १०० मार्क एकट्या मॅथ्सचे, ५० प्रश्न आणि प्रत्येकाला २ मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणून अकरावीला प्रवेश घेतानाच बायो आणि मॅथ्स दोन्ही ठेवा. दोन्ही झेपणार नसतील तर मॅथ्स ठेवा, बायो पुढं कॉलेजात ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीमध्ये पहिल्यापासून शिकवतात, मॅथ्स कुणी पहिल्यापासून शिकवत नाही. ज्यांचं पीसीबीनं बारावी झालंय त्यांनी आपल्या ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन गणित हा एकच विषय घेऊन बोर्डाची परीक्षा देता येईल का ते विचारा, वर्ष जाईल पण दार उघडेल.

दहावीनंतर डिप्लोमा हाही चांगला रस्ता आहे. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि खरं सांगायचं तर डिप्लोमावाल्या पोरांचा हात सोल्डरिंगवर बसलेला असतो, ते लॅबमध्ये आमच्यापेक्षा पुढं असायचे.

पायरी ३: कॉलेज शोधणं

महाराष्ट्रात बी.ई. बायोमेडिकल शिकवणारी कॉलेजं मोजकीच, काही ठिकाणी ही ब्रँच मध्येच बंद झाली तर काही ठिकाणी नव्यानं आली, म्हणून पाव्हण्यांनी सांगितलं यावर जाऊ नका, सीईटी सेल (राज्याचं प्रवेशाचं ऑफिस) त्या वर्षीची सीट मॅट्रिक्स, म्हणजे कुठल्या कॉलेजात कुठल्या ब्रँचच्या किती जागा याची यादी टाकतं त्यात ब्रँचच्या नावानं शोधा. ऑप्शन फॉर्म भरताना ज्या कॉलेजला एकदा तरी पाय ठेवून आलात तीच वर टाका. गेल्यावर तीनच गोष्टी बघायच्या: बायोमेडिकलच्या लॅबमध्ये चालू स्थितीतली मशीनं किती, जवळच्या कुठल्या हॉस्पिटलाशी त्यांचं ठरलेलं आहे, आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांनी यंदा काय प्रोजेक्ट केले. हे शेवटचं पोरांनाच विचारा, कँटीनमध्ये.

जेईई चांगली गेली असेल तर एनआयटी रायपूर आणि एनआयटी राउरकेलाला बायोमेडिकलचं बी.टेक. आहे, आयआयटी हैदराबादलाही आहे, आणि नांदेडकरांना हैदराबाद मुंबईपेक्षा जवळच आहे.

पण माझं स्वतःचं मत विचाराल तर मराठवाड्यात राहूनही हे होतं. नांदेडच्या विष्णुपुरीतलं श्री गुरु गोबिंदसिंगजी इन्स्टिट्यूट १९८१ पासून आहे, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी १९६० पासून आहे, असल्या ठिकाणी इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्या, चार वर्षं पाया पक्का करा आणि मग गेट या प्रवेश परीक्षेतून एम.टेक. बायोमेडिकलला जा. २०२० पासून गेटमध्ये बायोमेडिकलचा वेगळा पेपरच आलाय. आयआयटी मुंबईत बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग विभागात हे एम.टेक. आहे, दिल्लीत आयआयटी आणि एम्स मिळून चालवतात ते सेंटर आहे, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा ही वैद्यकीय संस्था आहे. मी याच वाटेनं गेलो. घरी कापूस बुडाला होता त्या साली मुंबईची होस्टेल फी आमच्याकडून निघाली नसती, आणि आज मागं वळून बघितलं तर त्यानं माझं काही अडलं नाही.

पायरी ४: कागदं

यात फार बोलत नाही पण इथंच पोरं रडतात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, जात वैधता, जे जे तुम्हाला लागू आहे ते बारावीच्या दिवाळीपर्यंत हातात पाहिजे, जूनमध्ये तहसीलला आणि सेतूवर जत्रा असते. फीची सवलत महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायची आणि ती कॅप राउंडनं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून घेतलेल्या ॲडमिशनलाच लागते, मॅनेजमेंट कोट्यानं गेलात तर नाही. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, त्यामुळं "पोरीला कशाला एवढा खर्च" म्हणणाऱ्या पालकांना हे आधी सांगा. राहण्याखाण्यासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, हे अर्ज वेगळे भरावे लागतात, फीच्या अर्जात आपोआप येत नाहीत.

पायरी ५: पहिलं वर्ष, आणि इंग्रजीची भीती

मराठी मीडियममधून आलेल्यांनी ॲनाटॉमीला घाबरू नका, तिथं सगळ्यांनाच नवीन आहे, सेमी इंग्लिशवाल्यालाही "मायोकार्डियम" पहिल्यांदाच भेटतो. एक वही करा, डाव्या पानावर शब्द आणि उजव्या पानावर आपल्या भाषेत तो अवयव काय करतो ते. हृदय म्हणजे एकाला एक जोडून असलेले दोन पंप, उजवा फुप्फुसाकडं ढकलतो, डावा अंगभर ढकलतो. मोटर-पाइप-व्हॉल्व्ह शेतात बघितलेल्या पोराला रक्तदाब, प्रवाह आणि अडथळा समजवायला प्राध्यापक लागत नाही. सोबत सी किंवा पायथन शिका, आणि पहिल्याच वर्षी एक मल्टिमीटर घ्या, तो पुढं दहा वर्षं बॅगेत राहील.

पायरी ६: स्वतःचा ईसीजी स्वतः काढा

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात विषय खूप येतात, बायोमेडिकल इन्स्ट्रुमेंटेशन, डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, मेडिकल इमेजिंग, बायोमटेरियल, बायोमेकॅनिक्स, कंट्रोल. सगळ्यावर सांगत बसत नाही. मी म्हणतो फक्त एक गोष्ट पूर्ण करा, ब्रेडबोर्डवर ईसीजीचं सर्किट, कारण अर्धी ब्रँच त्यात सापडते.

हृदयाचा जो विजेचा सिग्नल कातडीवर मिळतो तो जेमतेम १ मिलिव्होल्टचा. आणि तुमचं सगळं अंग मात्र खोलीतल्या वायरिंगमधून ५० हर्ट्झची घरघर झेलत असतं, ती सिग्नलपेक्षा कितीतरी मोठी. आम्ही होस्टेलच्या खोलीत पहिल्यांदा जोडणी केली तेव्हा स्क्रीनवर नुसतं जाड गवत आल्यासारखं दिसलं, ठोका कुठंच नाही. ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, थोडं कमी झालं. मग वायरी एकमेकींना पिळ देऊन गुंडाळल्या, आणखी कमी. इलेक्ट्रोडखालची कातडी स्पिरिटनं घासून पुसली, आणखी. शेवटी उजव्या पायाला जी तिसरी वायर असते, जी दोन्ही हातांवर सारखीच आलेली घरघर उलटी करून परत अंगात सोडते, ती नीट बसवली आणि एकदम गवत आडवं पडलं आणि त्यातून ती टोकदार रेघ वर आली, टक, टक, टक. खोलीतली चारही पोरं गप्प झाली होती. विलेम आइंथोवेन या डच माणसानं शंभरएक वर्षांपूर्वी हात-पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून हीच रेघ काढली होती आणि १९२४ चं नोबेल त्याला त्यासाठी मिळालं, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं, त्या रात्री कळलं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. माणसाला जोडलेलं सर्किट फक्त बॅटरीवर चालवायचं, आणि त्याला लॅपटॉप जोडला असेल तर त्याचा चार्जर भिंतीतून काढायचा. थेट हृदयापर्यंत पोचणाऱ्या जोडणीसाठी नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त गळती चालत नाही असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, हा आकडा का एवढा बारीक आहे ते तुम्ही शिकालच, पण शिकायच्या आधी पाळा.

पायरी ७: हॉस्पिटलात जाऊन उभे रहा

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इंटर्नशिपसाठी पोरं पुण्या-मुंबईच्या मोठ्या नावांमागं धावतात. जरूर जा, पण एक महिना आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात काढा, संभाजीनगरची घाटी असो, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ असो की तुमचं उपजिल्हा रुग्णालय. कॉलेजचं पत्र घेऊन अधीक्षकांना भेटा, आणि मग सिस्टरांना भेटा, कारण मशीन रोज वापरतात त्या.

मला सगळ्यात जास्त एका सिस्टरनं शिकवलं. नवजात बाळांच्या कक्षात वॉर्मर असतो, वरून उष्णता देणारा, बाळाच्या पोटावर एक छोटा सेन्सर चिकटवायचा आणि तापमान ३६.५ ला ठेवायचं, बाळ गार पडलं की हीटर वाढतो. मला बोलावलं होतं की वॉर्मर बिघडलाय, उगाच जास्त तापतोय. मी कंट्रोल कार्ड उघडून तासभर बसलो. सिस्टर म्हणाल्या, "सर, ते चंदेरी स्टिकर संपलेत म्हणून आम्ही पांढरी पट्टी लावतो, ती घामानं सुटती." झालं. सेन्सर सुटून हवेत लोंबकळला की त्याला वाटतं बाळ गार पडलं आणि हीटर पूर्ण जोरात चालू राहतो. आणि तोच सेन्सर बाळाच्या अंगाखाली सरकला तर गरम दाखवतो, हीटर कमी होतो आणि बाळ गारठतं. मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता, स्टिकरची मागणी कुणी केली नव्हती. त्या दिवसापासून मी कुठल्याही मशीनचं झाकण उघडायच्या आधी ते वापरणाऱ्या माणसाला विचारतो.

दुसरा धडा आपल्या मातीतला आहे आणि तो पुस्तकात सापडणार नाही. मे महिना होता, एका ग्रामीण रुग्णालयातून तक्रार आली की ईसीजीची रेघ जाड येतेय, मशीन बदलून द्या. मी गेलो, कागद बघितला आणि मला माझी होस्टेलची खोली आठवली, तेच गवत. मल्टिमीटर काढून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज बघितलं तर १८ व्होल्ट, ते दोन-तीनच्या आत पाहिजे. मागं जाऊन अर्थिंगचा खड्डा बघितला तर माती भेगाळलेली, कोरडी ठक्क. अर्थिंग चालते ती ओलाव्यावर. शिपाईमामांनी बादल्यांनी पाणी आणलं, खड्डा भिजवला, तासाभरानं आकडा खाली आला आणि रेघ स्वच्छ. आमच्याकडं उन्हाळ्यात माणसं पाण्याला महाग तिथं खड्ड्याला कोण पाणी घालणार, म्हणून आता मी जिथं जातो तिथं मार्च ते जून खड्ड्यात पाणी घालायची तारीख भिंतीवर लिहून येतो.

पाण्याचंच आणखी एक. डायलिसिसमध्ये मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर द्रव वाहतो, चार तासांचं सेशन धरलं तर १२० लिटर शुद्ध पाणी एका पेशंटला, आणि ते पाणी आरओमधून काढताना वाया जातं ते वेगळंच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं ते आठवा, आणि मग विचार करा की त्या काळात किडनी गेलेल्या माणसाचं आठवड्याला दोन-तीनदा काय होत असेल. शिवाय आपलं बोअरचं पाणी जड, क्षारांनी आरओचे मेम्ब्रेन लवकर बसतात, ऑटोक्लेव्हच्या (वाफेनं अवजारं निर्जंतुक करायचं मशीन) कॉइलवर पांढरा थर चढतो. मुंबईत शिकलेल्या इंजिनिअरला हे दिसायला वेळ लागतो, तुम्हाला पहिल्या दिवशी दिसेल. फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताना दुसऱ्यांचे विषय उचलू नका, यातलाच एक घ्या.

पायरी ८: कायदा पण शिका

मशीन विकणं, हलवणं, बसवणं यामागं नियम आहेत आणि कॉलेजात ते वरवर उरकतात. एक्स-रे आणि सीटीला एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, आणि तिथं काम करताना छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बॅज लावायचा, कंटाळा करायचा नाही. मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ चे आहेत, त्यात जोखमीप्रमाणं ए, बी, सी, डी असे चार वर्ग, साधी ड्रेसिंगची पट्टी खालच्या वर्गात आणि हृदयाची झडप वरच्या.

सोनोग्राफीबद्दल मात्र जरा थांबून वाचा. १९९४ च्या गर्भलिंग तपासणीविरोधी कायद्यात मशीनची नोंदणी कुणाच्या नावावर, ते कुठल्या पत्त्यावर, याचा हिशोब ठेवावा लागतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात दर हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, शून्य ते सहा वयाच्या. ते सगळं मशीनच्या आडूनच झालं. उद्या कुणी म्हणालं की जुनं पोर्टेबल मशीन आहे, जरा चालू करून द्या, कागदं नंतर बघू, तर हात लावू नका. ओळखीचा असला तरी नाही, दुप्पट पैसे दिले तरी नाही.

पायरी ९: पुढं काय

कामं चार प्रकारची. हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागात देखभाल, कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर, कंपनीत डिझाइन किंवा टेस्टिंग, आणि परवानग्या-गुणवत्तेचं कागदोपत्री काम ज्यात आता बऱ्यापैकी मागणी आहे. सर्व्हिसला सुरुवातीला बॅग घेऊन बसनं फिरावं लागतं, रात्री दोनला फोन येतो, पण दोन वर्षांत जेवढी मशीनं हाताखालून जातात तेवढी कुठंच जात नाहीत, मी प्रत्येकाला आधी तेच करायला सांगतो. डिझाइनमध्ये जायचं असेल तर एम.टेक. कराच, आणि आयआयटी मुंबईतलं बेटिक हे सेंटर २०१४ पासून डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसवून उपकरणं बनवतं, त्यांचं काम बघा. या कामाला वेळ लागतो हेही मनात ठेवा. श्री चित्रामधली भारतीय बनावटीची हृदयाची झडप १९९० च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली गेली, त्याआधीची तीन मॉडेलं चाचण्यांतच बाद झाली होती.

आणि ज्या दिवशी कुठल्याही हॉस्पिटलात रुजू व्हाल त्या दिवशी आधी स्टोअररूमची किल्ली मागा. कोपऱ्यात "बंद" लिहून ठेवलेल्या मशीनची यादी करा, एकेकाला सप्लाय देऊन बघा. माझ्या पहिल्या यादीत ११ सिरिंज पंप (पेशंटला औषध हळूहळू मोजून देणारी मशीनं) होते, त्यातल्या ७ ची नुसती बॅटरी गेली होती. नवीन बॅटऱ्या मागवायला दोन आठवडे लागले, सातही पंप परत आयसीयूत लागले.